बुडबुड्याचा खिसा

साहेबांनी दोन्ही डोळे मायक्रोस्कोपला लावले, थोडा वेळ तसेच ठेवले आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. तोंड दिसत नव्हतं, पण माणूस हसतोय की नाही हे कळायला तोंडच दिसलं पाहिजे असं थोडंच आहे? बाईंना खांदे पुरले.

"पुन्हा बुडबुडा?" साहेब म्हणाले.

"नीट बघ. पाठीवर, मागच्या पायांच्या मधोमध. कडा आहे त्याला."

"बुडबुड्यालाही कडा असतेच की."

साहेब म्हणजे कीटक विभागाचे प्रमुख. बाई त्याच विभागातल्या, पण टोकाच्या खोलीत बसणाऱ्या. कॉलेजात दोघं एका वर्गात होते, म्हणून दार बंद असलं की अरे-तुरे चालायचं आणि दार उघडलं की साहेब 'तुम्ही'वर यायचे. बाकीचे लोक किड्यांवर काम करायचे, बाई किड्यांच्या अंगावरच्या किड्यांवर. त्यांना माइट म्हणतात. कोळ्याच्या खानदानातला, आठ पायांचा, टाचणीच्या माथ्यावर सहकुटुंब बसेल एवढासा जीव. कुणी पंखाखाली बिऱ्हाड करतो, कुणी मिशीवर, कुणी बगलेत. "म्हणजे गोचिडासारखं काहीतरी ना?" असं नातेवाईक विचारायचे. आधी बाई समजावून सांगायच्या. पुढे पुढे नुसतंच "हो" म्हणून मोकळ्या व्हायला लागल्या.

आत्ता काचेवर होती ती भुंग्याच्या अंगावरची मादी. लाकूड पोखरणारा काळा भुंगा असतो ना, त्याच्या अंगावरची. बाईंच्या मते ही जात जगात अजून कुणी लिहून ठेवलेली नव्हती, आणि तिची ओळखीची खूण म्हणजे पाठीवरचा एक इवलासा गोल खिसा. असा खिसा दुसऱ्या कुठल्याही माइटला नाही. बाईंनी शोधनिबंध लिहून तयार ठेवला होता. संस्थेतून बाहेर पाठवायचा तर खाली साहेबांची सही लागणार होती, आणि महिनाअखेरीला बाई निवृत्त होणार होत्या. त्यानंतर त्यांची खोली, कपाट आणि मायक्रोस्कोप डासवाल्यांकडे जाणार हे ठरलेलं होतं. डासांना पैसा मिळतो. भुंग्याच्या पाठीवरच्या माइटला कोण विचारतो? म्हणजे आत्ता सही झाली नाही, तर ही जात कपाटात गेलीच म्हणून समजा. वर पुन्हा कुणी ते कपाट उघडलं तर शप्पथ.

"माझ्याकडच्या सगळ्या माद्या बघ," बाई म्हणाल्या. "प्रत्येकीला तो गोल तिथेच आहे. एक केसभर इकडे नाही की तिकडे."

"हवा तिथेच अडकत असेल."

"तेच तर म्हणतेय मी. रोज एकाच जागी मुक्काम पडत असेल तर तिथे काहीतरी खोली आहे, हे नको का कळायला?"

साहेब पुन्हा हसले. मनाने वाईट माणूस नव्हता, पण विनोद सुचला की त्यांना तो गिळता यायचा नाही. त्यांनी खिशातून लायटर काढला. बाई "अरे थांब" म्हणेपर्यंत स्लाइड उचलून खालून ज्योत लावलीसुद्धा. पुन्हा काचेखाली बघून त्यांनी मांडीवर थाप मारली. "पळाला बघ! आता?"

"आता आत बघ. खिसा राहिलाय का बघ."

पण साहेबांचं एकदा तापवून थोडंच भागणार होतं. त्यांनी स्लाइड आणखी एकदा ज्योतीवर धरली, जरा जास्तच वेळ. काचेतला डिंकासारखा रस उकळला, फसफसला, आणि त्यात ती मादी काळी पडून चुरगळून गेली. बाईंकडची सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात नीट पाय पसरलेली मादी ती. जिच्यावरून चित्रं काढली होती ती.

बाईंनी तापलेली काच तशीच हातात घेतली. बोटं चांगलीच पोळली, पण त्यांनी ती सोडली नाही.

साहेब वरमले. "सॉरी. खरंच सॉरी. पण मी तुझ्या भल्याचंच सांगतोय. ही जुनीच जात आहे असं लिही, विभागाच्या यंदाच्या यादीत ती घालतो, आपल्या दोघांच्या नावाने. जायच्या तोंडावर पुन्हा हसं कशाला करून घेतेस?"

"हसं माझं होईल ना? मग तू कशाला घाबरतोस?"

"विभागाचं नाव जातं."

"मी एक अक्षर मागे घेणार नाही," बाई म्हणाल्या. "गुरुवारी सगळ्यांची बैठक आहे. तिथे दाखवते. तिथे नाही पटलं तर नको करूस सही."

साहेबांनी खांदे उडवले. गुरुवार तर गुरुवार.

आता ही 'पुन्हा'ची काय भानगड, ते सांगायलाच हवं. नाहीतर साहेब उगाच छळवादी वाटतील.

बाई नव्या नव्या लागल्या होत्या तेव्हाची गोष्ट. अंगात उत्साह मावत नव्हता. एका ढालकिड्याच्या पंखाखाली त्यांना एक माइट सापडला, त्याच्या पोटावर चकचकीत गोल अवयव. बाईंनी त्याचं वर्णन लिहिलं, चित्र काढलं, नाव ठेवलं, ते छापूनही आलं. त्यांच्या म्हाताऱ्या सरांनी सगळ्यांना बोलावलं, कौतुक केलं, स्लाइड खाली ठेवली आणि बघता बघता गप्प झाले. मग त्यांनी काडी पेटवून स्लाइडच्या खालून फिरवली, आणि तो अवयव उठून चालायला लागला. पोटावरून निघाला, पायाला वळसा घातला आणि काचेच्या कडेने चक्क बाहेर पडला. हवेचा बुडबुडा होता तो. या धंद्यात ही चूक होते. दुसऱ्या कुठल्याच धंद्यात माणूस हवेचं चित्र काढून त्याला लॅटिन नाव देत नसेल, पण इथे होते. सर हसले नाहीत. बाकीचे इतके हसले की एकाला ठसका लागला, आणि ठसका लागलेलाच पुढे साहेब झाला.

'बुडबुडाबाई' हे नाव त्याच दिवशी पडलं. तोंडावर कुणी म्हणायचं नाही. पण जिन्यावरून, जेवणाच्या टेबलावरून, कपाटामागून ते कानावर यायचंच. नवीन येणारा शिपाईसुद्धा पहिल्या आठवड्यात ते शिकायचा आणि खरं नाव शिकायला त्याला वर्ष लागायचं. बाईंनी त्या नावाला कधी ओ दिली नाही. ऐकू आलं तरी मान वळवायची नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. मान वळवली की ते आपलं झालं.

पण एक गोष्ट त्यांनी केली नाही. काम सोडलं नाही. कुणीतरी सुचवलं होतं, फुलपाखरं घे, फुलपाखरात बुडबुडा होत नाही. बाईंनी त्या माणसाशी बोलणंच टाकलं. त्यानंतर त्यांनी किती माइट लिहून काढले, कितींना नावं दिली. कुणाला डोंगराचं, कुणाला नदीचं, कुणाला सरांचं. स्वतःचं तेवढं कधी दिलं नाही, कारण आपणच शोधलेल्या जातीला आपलंच नाव द्यायचं नाही अशी या लोकांत रीत आहे. कुणी दिलंच तर लोक जन्मभर नाकं मुरडतात. आणि इतकं सगळं करूनही जेवणाच्या टेबलावर बाई कशासाठी प्रसिद्ध होत्या? त्या एका बुडबुड्यासाठी. राग येणारच. बाईंना तो रोज यायचा, नेमाने यायचा, आणि त्या रागावरच त्यांची खोली टिकून होती म्हणा ना.

घरी आल्यावर बाईंनी पोळलेली बोटं नळाखाली धरली. भावजय मागून आली. "काय झालं वन्सं?"

"काही नाही गं. विनोद झाला."

बाई धाकट्या भावाकडे राहायच्या. वर घर, खाली भावाचा सुतारखाना. आता गंमत बघा. बहीण भुंग्यांवर जीव टाकणारी आणि भाऊ भुंग्यांच्या नावाने बोटं मोडणारा. कारण भुंगा फुलावर गुणगुणतो ते झालं गाण्यातलं. लाकडाच्या धंद्यातला भुंगा वेगळा. तो चांगल्या फळीत बोट जाईल एवढं गोल भोक पाडतो, आत बोगदा खणतो आणि आपण खाली उभे राहिलो की डोक्यावर भुसा टाकतो. वर बाई दुरुस्ती करायच्या, की पोखरणारा भुंगा नसतोच, भुंगी असते, नर नुसता बाहेर घिरट्या घालून आव आणतो. भाऊ म्हणायचा, असू दे, मला दोघंही सारखेच.

मागच्या शेडला एक जुना आडवा वासा होता. वरून गुळगुळीत, आतून बासरी. तो काढायचा म्हणून भाऊ केव्हापासून टपला होता आणि बाई केव्हापासून आडव्या येत होत्या. शेवटी तह झाला होता. ताई निवृत्त होईपर्यंत वाशाला हात लावायचा नाही. बाईंना त्या माद्या मिळाल्या त्या याच वाशातल्या भुंग्यांवर. दुसरीकडे खूप शोधल्या, रानात, बागेत, लाकडाच्या वखारीत. नाही मिळाल्या. कदाचित असतीलही, पण बाईंच्या ओळखीच्या तेवढ्या याच.

सुटीच्या दिवशी सकाळी बाई खाली गेल्या. भाऊ रंधा मारत होता.

"वासा काढायचाय," बाई म्हणाल्या.

भावाने रंधा थांबवला. "कुठला वासा?"

"कुठला म्हणजे? तुला हवा होता तो. काढ आणि उभा चीर. बोगद्यांच्या बाजूने. गुरुवारच्या आत मला त्या माद्या जिवंत बघायच्यात."

झालं, आता भाऊ उड्या मारेल असं तुम्हाला वाटलं असेल. बाईंनाही वाटलं होतं. त्याने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली. शेडखाली जाऊन वाशाला कान लावला.

"आत आहेत गं सगळ्या," तो म्हणाला. "पिल्लंही असतील. महिन्याभराने काढू की."

"महिन्याभराने मी घरी बसलेली असेन."

"मग बैस की. कशाला जिवाला लावून घेतेस? एवढी वर्षं त्यांनी हसून घेतलं, आता आणखी थोडं हसतील. तू आमच्याकडे बघ."

भाऊ हे प्रेमानेच बोलत होता, आणि तेच जास्त लागत होतं. हसणाऱ्यांशी लढता येतं. 'सोड ना' म्हणणाऱ्या आपल्या माणसाशी कसं लढायचं?

"हे बघ," त्या म्हणाल्या, "मी चुकले होते तेव्हा मी चुकले म्हणून सांगितलं. कुणाच्या मागे लपले नाही. आता मी बरोबर आहे. तेही तसंच सांगणार. तू चिरणार की मी करवत घेऊ?"

बहिणीच्या हातात करवत या कल्पनेनेच भावाने हात टेकले. त्याने वासा उतरवला, दोन लाकडी घोड्यांवर आडवा ठेवला, आणि इतक्या सावकाश चिरला की भावजय वरून दोनदा डोकावून गेली. वासा पुस्तकासारखा उघडला. आत बोगदा, बोगद्यात ओळीने खोल्या, मधे भुशाचे पातळ पडदे. प्रत्येक खोलीत परागाचा ओलसर पिवळा गोळा आणि त्यावर एकेक अंडं, नाहीतर पांढरी अळी. आईने भरून ठेवलेली कोठारंच ती. एक भुंगी टोकाला दडून बसली होती. उजेड पडताच ती अंग थरथरवत मागे सरली. भाऊ तिच्याकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांचं वैर, पण शत्रूचं घर त्याने आतून कधी पाहिलंच नव्हतं.

बाईंनी घरचा छोटा मायक्रोस्कोप खालीच आणला होता. परागाच्या गोळ्यातला एक ठिपका सुईने उचलून त्यांनी काचेखाली धरला, आणि त्या ज्या थांबल्या त्या थांबल्याच. गोळा चांगलाच ओला होता, मधाने थबथबलेला. त्या चिखलात माइट गळ्यापर्यंत बुडून जेवत होते. दुसरा कुठला जीव असता तर गुदमरून मेला असता. यांच्या प्रत्येकीच्या पाठीवर, मागच्या पायांच्या मधोमध, हवेचा एक चमकता थेंब होता. खिशात घट्ट बसवलेला. बुडायला जाताना बरोबर घेतलेला श्वास.

"काय झालं?" भावाने विचारलं. "चुकलं का काही?"

"नाही रे," बाई म्हणाल्या आणि त्यांना हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणी आलं, मग पुन्हा हसू. "बुडबुडाच आहे. तो म्हणत होता ते खरं होतं. बुडबुडाच आहे, आणि मीही खरी आहे."

भावाला काडीचं कळलं नाही. पण ताई हसतेय म्हणून तोही हसला. मग त्याने उघडलेले खण बाईंना हवे तेवढे घेऊ दिले, उरलेल्यांवर वाशाची दुसरी फाक अलगद ठेवली आणि दोन्हींना शिकंज्यात आवळून टाकलं. काही खोल्या मोडल्या होत्याच. त्यांच्यातल्या अळ्या त्याने कागदावर घेतल्या आणि त्यांचं काय करायचं ते न कळून तसाच उभा राहिला.

गुरुवारी बैठकीला सगळा विभाग होता. डासवाले होते, त्यांच्यात नुकताच लागलेला एक तरुण होता, फुलपाखरांवर काम करणाऱ्या बाई होत्या, नवी मुलं होती. मायक्रोस्कोपला कॅमेरा लावून चित्र भिंतीवर पाडायची सोय होती. बाईंनी स्लाइड ठेवली. भिंतीवर हाताएवढा माइट उभा राहिला आणि त्याच्या पाठीवर लखलखीत गोल. कुणीतरी घसा खाकरला. घसा का खाकरला ते सगळ्यांना कळलं.

"साहेब, लायटर द्या," बाई म्हणाल्या.

साहेब चपापले. "अहो बाई, कशाला..."

"दे रे. मागच्या वेळी न मागता काढला होतास."

सगळ्यांसमोर अरे-तुरे ऐकून त्या नव्या डासवाल्याची मान एकदम वर आली. साहेबांनी निमूटपणे लायटर दिला. बाईंनी ज्योत स्लाइडखालून फिरवली, बेताने, फक्त ऊब लागेल एवढी. भिंतीवरचा लखलखीत गोल हलला, सुटला आणि पायांमधून वाट काढत पसार झाला. मागच्या रांगेत हसू फुटलंच. बाईंनी ते संपू दिलं.

"बुडबुडा गेला," त्या म्हणाल्या. "साहेब म्हणत होते ते बरोबर आहे, बुडबुडाच होता. आता तो जिथे बसला होता तिथे बघा."

त्या जागी खिसा होता. रिकामा, कडेला जाड दुमड आणि आत बारीक केसांची झालर असलेला. घरातला माणूस उठून गेल्यावर घर दिसावं तसा तो आता जास्तच स्पष्ट दिसत होता.

साहेब पुढे वाकले. पण इतक्यात हार मानतील तर ते साहेब कसले. गरम केल्यावर कातडी आकसून अशी दुमड पडू शकते, असं त्यांचं म्हणणं पडलं. दोघातिघांनी मान डोलावली. शंका रास्त होती. बाईंनाही ती रास्तच वाटली, त्या त्यासाठी तयारीनेच आल्या होत्या. त्यांनी डबीतून परागाचा ओला ठिपका काढला, थेंबभर पाण्यात सैल केला आणि काचेखाली ठेवला. आता भिंतीवर जिवंत माइट चालत होता, पाठीवर आपला थेंब घेऊन. बाईंनी सुईच्या टोकाला लावलेल्या केसाने त्याला हळूच टोचलं. थेंब सुटून वर गेला. रिकामा खिसा दिसला, आणि या वेळी कुणी काही तापवलं नव्हतं. माइट जरा गोंधळला. मग पाय मारत थेंबाच्या काठाशी आला, पाठ पाण्याबाहेर काढली, खिसा उघडला, हवा भरून घेतली आणि पुन्हा खाली बुडी मारली. पाठीवर पुन्हा लखलखीत गोल.

डासवाला उठून भिंतीजवळ गेला होता.

फुलपाखरांच्या बाई हळहळून म्हणाल्या, "अगं, म्हणजे तुझी ती पहिली जातसुद्धा खरीच असेल की. तेव्हाही नंतर खिसा कुणी बघितलाच नसेल."

हे बाईंच्याही मनात आलं होतं. त्या दिवशी सकाळीच त्यांनी ती जुनी, पिवळी पडलेली स्लाइड कपाटातून काढून पाहिली होती. आत आशा नव्हती असं म्हणणं खोटं होईल.

"नाही," त्या म्हणाल्या. "ती आज पुन्हा पाहिली. तिथे खिसाबिसा काही नाही. तो नुसताच बुडबुडा होता, चूक माझीच होती. ही चूक नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. बैठक संपल्यावर ते बाईंच्या खोलीत आले, दार लावून घेतलं. चुरगळलेल्या मादीबद्दल पुन्हा माफी मागितली, आणि या वेळी मनापासून मागितली हे बाईंना कळलं. मग त्यांनी निबंध पुढे ओढला, पान उलटलं आणि सही करता करता थांबले.

"जातीचं नाव काय ठेवलंयस? मागे कोरं होतं."

"लिहिलंय बघ."

"बुल्ला," साहेबांनी वाचलं. "कुणाच्या नावावरून? कुणी शास्त्रज्ञ?"

"लॅटिन शब्द आहे. बुल्ला म्हणजे बुडबुडा."

साहेबांना ते कळायला एक क्षण लागला. मग त्यांचे खांदे हलतील असं वाटलं, पण ते हलले नाहीत. "हे चालत नाही," ते म्हणाले. "तुला माहीत आहे. स्वतःच्या जातीला स्वतःचं नाव द्यायची रीत नाही."

"माझं नाव हजेरीपटात आहे," बाई म्हणाल्या. "त्यात बुडबुडा कुठे लिहिलंय? दाखव. लिहिलेलं असेल तर बदलते."

हे नाव कुणी पाडलं, कुणी टेबलाटेबलावर नेलं, कुणी नव्या माणसांना शिकवलं, हे दोघांनाही माहीत होतं. आता साहेबांनी तोंड उघडायचं म्हणजे हे सगळं स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. चांगलं घोडं अडलं होतं. त्यांनी पेन उचलला आणि सही केली. नेहमीसारखी वळणदार नाही, जरा घाईची.

महिनाअखेर आली. निरोपाचं भाषण झालं, बाईंना एक घड्याळ मिळालं, साहेब चार शब्द चांगले बोलले. घरी शिकंज्यात आवळलेला वासा शेडला टेकवून ठेवला होता. नव्या फळ्यांपासून तो चार हात लांब ठेवला होता, कारण आता भावाचाच हुकूम होता की त्याला कुणी हात लावायचा नाही. त्या मोडलेल्या खोल्यांतल्या अळ्या जगल्या नाहीत. पण फटीतून एक काळी भुंगी ये-जा करताना भावजयीने पाहिली होती, आणि ती बातमी तिने वन्संना कामावर मुद्दाम फोन करून सांगितली होती.

बाईंनी मायक्रोस्कोपवर कापड घातलं, कपाटाची किल्ली डासवाल्याच्या हातात दिली. कुठल्या खणात काय, ते सांगितलं. तो ऐकत होता, नुकताच लागलेला होता. मग पिशवी उचलून त्या निघाल्या. टोकाच्या खोलीपासून दारापर्यंतचा व्हरांडा लांबलचक होता, आणि वाटेत सगळे आपापल्या दारांत उभे होते. साहेबही होते.

अर्ध्यावर आल्या असतील नसतील, तोच मागून धावती पावलं ऐकू आली. टेबलावर बाईंचं भिंग राहिलं होतं, गळ्यात अडकवायचं, सरांनी दिलेलं. ते हातात घेऊन डासवाला पळत येत होता. बाई लांब जात होत्या आणि त्याने हाक मारली. त्याला माहीत होतं त्याच नावाने मारली. त्याला दुसरं माहीतच नव्हतं.

"बुडबुडाबाई! ओ बुडबुडाबाई!"

फुलपाखरांच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. साहेबांनी खाली बघितलं. डासवाल्याला आपण काय करून बसलो ते कळलं आणि तो जागच्या जागी थांबला, कानापर्यंत लाल होऊन, भिंग तसंच पुढे धरून.

बाईंनी मान वळवली. नुसती मानच नाही, सगळ्या वळल्या.

"ओ," त्या म्हणाल्या. चांगल्या मोठ्याने, सगळ्या दारांत ऐकू जाईल अशा.

मग परत जाऊन त्यांनी त्याच्या हातातून भिंग घेतलं, गळ्यात अडकवलं आणि दाराकडे चालायला लागल्या.